हात वर करून मागितलेली देणगी

दानधर्म करताना रक्त सांडू नये, असा नियम कुठे असेल तर तो आमच्या खानदेशात अजून पोचलेला नाही. मी एका लहान मुलीच्या पायासाठी चिल्लर गोळा करायला गेलो आणि दोन दात, एक बरगडी आणि नव्या टेरिकॉटच्या पँटचा अख्खा मागचा भाग देऊन आलो. दात परत आले नाहीत. बरगडी थंडीत अजून बोलते. पँटबद्दल बायको बाराही महिने बोलते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी जळगावात एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो. कापसाच्या गाठी मोजायच्या आणि संध्याकाळी हौशी नाटकात खलनायक व्हायचं, एवढाच माझा संसार. अंगावर मांस म्हणाल तर घडीच्या खुर्चीवर असतं तेवढं. पण आवाज होता, आणि मरण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. तलवारीने, विषाने, कड्यावरून, मी कसाही मरायचो आणि दर वेळी टाळी घ्यायचो.

एकदा असाच मरून मी विंगेत आलो तर समोर एक जाडजूड बाई कमरेवर हात ठेवून उभी. सरकारी दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डातून निवृत्त झालेली नर्स. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, डॉक्टरसुद्धा.

"छान मेलास," अक्का म्हणाली. "आता जरा जिवंत माणसांच्या कामाला ये. तुझा आवाज मला पाहिजे."

अक्काला नाही म्हणायची सोय नव्हती. तिच्या हाताची इंजेक्शनं घेतलेली माणसं तिला रस्त्यात बघून आपोआप वळायची.

आमच्या मंडळाला नाव नव्हतं, पाटी नव्हती. अक्का, मी, आणि वेळ मिळेल तसे येणारे आणखी एक-दोघं. आमची मालमत्ता म्हणजे तुपाचा एक रिकामा पत्र्याचा डबा. त्याला पांढरा रंग दिलेला, झाकण डाख देऊन बंद केलेलं आणि वर नाणं जाईल एवढी फट. एसटी स्टँडवर, सिनेमाच्या दारात, सावद्याला केळीच्या ट्रक भरतात तिथं आम्ही तो घेऊन फिरायचो. चार आणे, आठ आणे, कधी रुपया. त्यातून कुणाचं औषध, कुणाची दुधाची पावडर, कुणाच्या लुळ्या पायाला आधार द्यायचं लोखंडी कॅलिपर.

अक्काचे कायदे कडक होते. पहिला कायदा, लेकरू दाखवून पैसा मागायचा नाही. "पोर म्हणजे काय सर्कशीतलं अस्वल आहे?" दुसरा कायदा, मागताना हात डोक्याच्या वर ठेवायचा. "पुढे केलास तर भिकारी दिसतोस आणि खाली ठेवलास तर चोर. वर ठेव. सगळ्या गावाला दिसू दे की हात मोकळा आहे."

या दुसऱ्या कायद्याने माझा घात केला.

त्या वर्षी आमच्याकडे मेहरूणमधल्या एका गवंड्याची मुलगी होती. सहा-सात वर्षांची, डावा पाय पोलिओने गेलेला. ही मंडळी मूळची साक्रीकडची. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली विटांचा कट्टा, आणि त्या कट्ट्यावर ही पोर राणीसारखी बसलेली. जमिनीवरून ती दोन मुठींच्या जोरावर इतकी झपकन सरकायची की गल्लीतली धडधाकट पोरं तिला टरकून असायची. हाताला लागेल त्याच्या पिंडरीला ती चावायची. माप घ्यायला गेलो तेव्हा अक्कालाही चावली. अक्काने तिला एक चापट दिली, तिने अक्काला दोन दिल्या, आणि तिथून दोघींची मैत्री जमली.

कॅलिपर धुळ्याला तयार होत होतं. तिथला कारागीर लोखंडासारखाच सरळ माणूस. अर्धे पैसे आधी दिले होते. उरलेले आणले की वस्तू मिळणार होती. पण तो म्हणाला होता, "पोरीचा पाय वाढतोय, माझं लोखंड वाढत नाही. चैत्र संपायच्या आत घेऊन जा. नंतर आलात तर हे भंगारात टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून."

चैत्र निम्मा सरला आणि डबा हलवला तर आत नाणी मोकळेपणाने पळापळ करत होती. पोर मात्र वाढतच होती. तिच्या बापाला ती खांद्यावर जड व्हायला लागली होती.

एरंडोल तालुक्यातल्या एका गावाची जत्रा होती. जत्रेत कुस्त्यांची दंगल. दंगलीला पंचक्रोशी लोटते आणि त्या दिवशी माणसाचा खिसा सैल असतो, हा अक्काचा हिशोब. आम्ही निघालो तर गवंडी एसटीत आधीच बसलेला.

"तू कशाला?" अक्का म्हणाली.

"माझ्या लेकीसाठी हे भाऊ हात वर करणार, अन् मी घरी बसू? मी मागणार नाही, अक्का. नुसता उभा राहीन."

उन्हं उतरायला लागली होती तेव्हा दंगल भरात आलेली. मी तोवर कुस्ती फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. इथं लाल मातीच्या हौद्यात माणसं एकमेकांना अशी आपटत होती की जमिनीतून आवाज आपल्या तळपायात यावा. डफ कडकडत होता. एका गड्याचा खांदा निखळला तर चौघांनी धरून तो जागच्या जागी बसवला. तो किंचाळला, प्रेक्षकांनी वा वा केलं. दुसऱ्याच्या नाकातून रक्ताची धार लागली, त्याने त्यात चिमूटभर माती भरली आणि पुन्हा भिडला. मी हरखून गेलो. आमच्या नाटकात रक्त म्हणून कुंकवाचं पाणी वापरायचे. हा माल अस्सल होता.

दंगलीचे पंच म्हणजे गावचे एक आबा. एकेकाळचे मल्ल, आता गुडघे आखडलेले. अक्काने त्यांना गाठलं. आबा म्हणाले, "कुस्त्यांच्या मधी थोडी सवड राहते. तेव्हा फिरा. फक्त चपला काढा अन् पत्र्याचा डबा आत नेऊ नका, कुणाला लागंल." एवढं सांगून आबा पाणी प्यायला गेले.

सवड झाली. डबा घेऊन अक्का काठावर उभी राहिली, शेजारी गवंडी. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मातीत उतरलो, उजवा हात आभाळात नेला आणि रंगमंचावरचा माझा सगळ्यात भारी आवाज लावला, "मायबापहो! एका लेकराच्या पायासाठी!"

फेरी निम्मी झाली तोवर सगळा फड चिडीचूप झाला. मी खूश. माझ्या आवाजाने लोक भारावले, असं मला वाटलं. तेवढ्यात माझ्या वर केलेल्या तळव्यावर धप्पकन एक तळवा आदळला. खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. वळून बघतो तर समोर लंगोट लावलेला एक डोंगर. कान फुटून पुरीसारखे टम्म फुगलेले, मान अशी नव्हतीच. तो पारोळ्याकडचा मल्ल होता आणि दुपारपासून त्याने तिघांना उताणं केलं होतं.

आणि फड उसळला. "जोड लागनी! जोड लागनी!"

वाचकहो, त्या भागात नेमलेल्या कुस्त्या संपत आल्या की खुल्या कुस्त्या होतात. ज्याला लढायचंय त्याने हात वर करून हौद्यात फेरी मारायची. ज्याला त्याचं आव्हान घ्यायचंय त्याने त्या हातावर हात मारायचा. हाताला हात लागला की जोड ठरली. बोलणं नाही, कागद नाही. हे तिथल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. माझ्यासारख्या जळगावच्या शहाण्याला मात्र नव्हतं.

"भाऊ," मी मल्लाला म्हणालो, "मी देणगी मागतोय."

"मागा ना," तो म्हणाला. "आधी कुस्ती, मग देणगी."

मी काठाकडे सरकलो. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने काठीने मला परत आत ढकललं. "कथा पळस रे भाऊ? बठ्ठा गाव देखी राहिना!" म्हणजे, पळतोस कुठे, सगळं गाव बघतंय.

आबा धावत आले. सगळा प्रकार बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही शहरातले, तुम्हाला माफ शे," ते म्हणाले. "जायचं तर जा. पण मग डबा बी उचला. हौद्यात हात लावून पाठ फिरवणाऱ्याला हे गाव पैसा देत नाही, अन् मी सांगितलं तरी देणार नाही."

गवंडी पुढे आला. सदऱ्याची बटणं सोडत म्हणाला, "आबा, मी खेळतो."

"हात यांचा लागला," आबा म्हणाले.

"आणि तुला उद्या भिंत बांधायचीय," अक्काने त्याला मागे ओढलं. "हा काय, बसून गाठी मोजतो."

मी मोठ्या आशेने अक्काकडे पाहिलं. चाळीस वर्षं माणसं वाचवलेली बाई, मला असं मरू देणार नाही.

"बघतोस काय?" अक्का म्हणाली. "चष्मा इकडे दे."

चष्मा गेला आणि समोरचा डोंगर धूसर झाला. तेवढंच बरं. त्याने शड्डू ठोकला, मीही ठोकला. माझा आवाज टाळ्या वाजवून पोळीवरचं पीठ झाडावं तसा आला. फड हसून लोळला. मग काहीतरी माझ्या कमरेला भिडलं, आभाळ खाली आलं, माती वर गेली आणि माझं तोंड त्या दोन्हींच्या मध्ये सापडलं. पहिला दात तिथंच राहिला. त्या गावाच्या मातीत तो अजून असेल.

मी उठलो. का उठलो ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा सवयीने. नाटकात पडल्यावर पडदा पडायची वाट बघायची असते, इथं पडदाच नव्हता.

मी उठल्याबरोबर एक नाणं आलं. सूं करत आलं आणि भुवईवर बसलं. लोकांनी देणगी द्यायला सुरुवात केली होती!

मल्लाने मला पुन्हा धरलं. त्याचं डोकं माझ्या डोक्याला टेकलेलं, मान करकचून आवळलेली. त्या अवस्थेत तो कानाशी पुटपुटला, "पोरगी केवढी?"

"सहा-सात," मी उरलेल्या दातांतून म्हणालो.

"मग पाठ टेकू देऊ नका. पाठ टेकली की कुस्ती संपली, लोक घरी जातील. पोटावर पडा. मी फेकत राहतो."

"हळू फेका."

"हळू फेकलं तर कळतं लोकांना," तो म्हणाला, आणि त्याने मला फेकलं.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा प्रयोग. त्याने मला खांद्यावरून फेकलं, मांडीवरून फेकलं, पाय धरून गरगर फिरवलं आणि सोडून दिलं. एकदा मी थेट डफवाल्यावर गेलो आणि पँटचा मागचा भाग मल्लाच्या मुठीत राहिला. दर वेळी मांजरासारखा वळून पोटावर पडायचो, मातीची गुळणी थुंकायचो आणि उठून खलनायकाचं गडगडाटी हास्य करायचो. "मारशील? मला मारशील?" मी ओरडायचो, आणि तो मारायचा. बरगडी कडकन वाजली ती मला स्पष्ट ऐकू आली. एकदा मी त्याच्या दंडाला कडकडून चावलो. तो हसला आणि त्याने माझ्या कानशिलात अशी दिली की दुसरा दात गेला आणि मला काही वेळ सगळं फक्त निळं दिसत होतं.

आणि नाणी! दर पडण्याला नाण्यांचा पाऊस. माणसं कमरेतले बटवे सोडून नेम धरून मारत होती. पावली खांद्यावर, रुपया टाळूवर. मल्लाच्या ठोशांपेक्षा रुपया जास्त झोंबतो, ही माहिती मला तिथं मिळाली. "ऊठ रे भाऊ, ऊठ! आखो देसूत!" ऊठ, आणखी देतो, असं बायका छपरावरून ओरडत होत्या. काठावरून अक्का घसा फोडत होती, "अरे, डब्यात टाका! त्याच्या डोक्यात नको!" कुणीही ऐकत नव्हतं. डब्यात टाकण्यात काय मजा?

हे असंच चाललं असतं तर मी मेलो असतो, पण कॅलिपरचे पैसे झाले असते. मात्र दुपारी या मल्लाने ज्याला चीत केलं होतं त्याच्या गावची मंडळी एका बाजूला धुमसत बसली होती. त्यांच्यातला एक जण उभा राहिला. "नुरा कुस्ती! ठरवून लढताहेत! लबाड!"

तो खरं बोलत होता, म्हणून त्याचा लोकांना जास्त राग आला. कुणीतरी त्याच्या तोंडात मारली. त्याच्या भावाने मारणाऱ्याच्या. मग कुणी कुणाला मारलं याला काही अर्थ राहिला नाही. फड हौद्यात कोसळला. चपला, काठ्या, जिलेबीवाल्याचा झारा. एका माणसाने दुसऱ्याच्या डोक्यावर तिसऱ्याचं पायताण फोडलेलं मी पाहिलं. आबा, ज्यांना गुडघे दुमडता येत नव्हते, ते एकाच्या छातीवर दणकट बैठक मारून त्याच्या कानाखाली वाजवत होते आणि शिवाय "शांतता ठेवा!" असंही म्हणत होते.

एकाने अक्काच्या हातातल्या डब्याला हात घातला. अक्काने डबा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. एवढा भरीव आवाज त्या डब्यातून आधी कधी आला नव्हता. माणूस खाली बसला तो बसलाच.

आणि या सगळ्याच्या खाली, माणसांच्या पायांमधून, गवंडी रांगत होता. मातीत तुडवली जाणारी नाणी तो वेचत होता. मी पाहिलं, एका जाड टाचेखाली त्याची बोटं गेली. त्याने हात ओढला नाही. टाच उचलली जाईपर्यंत थांबला, नाणं उचललं, सदऱ्याच्या ओच्यात टाकलं आणि पुढे सरकला. गवंड्याची बोटं म्हणजे त्याचं पोट. पुन्हा टाच, पुन्हा तेच. मी ओरडलो, "अहो, हात काढा!" त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ते मल्लाने पाहिलं. तो दोन ढांगांत तिथं गेला आणि गवंड्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहिला. मग गवंडी पुढे सरके तसा तोही सरके, आणि जो जवळ येईल त्याला उचलून बाजूला टाके. रागाने नाही, गोण्या हलवाव्यात तसा. असं करत त्या दोघांनी अख्खा हौदा झाडून काढला.

मारामारी अखेर दमून थांबली. धूळ खाली बसली तेव्हा कुणी मेलेलं नव्हतं, पण फुटलेली डोकी ठिकठिकाणी बसून कण्हत होती. अक्काने पदर खोचला, फेटे फाडून पट्ट्या केल्या, जिलेबीवाल्याकडची हळद घेतली आणि कट्ट्यावर दवाखाना उघडला. दोन्ही गावचे वीर एकाच रांगेत.

पहिल्याची पट्टी बांधून झाल्यावर अक्काने बोट दाखवलं. "डबा तिथं आहे."

"अक्का, पट्टीचे पैसे?"

"पट्टी फुकट आहे. पैसे त्या पोरीच्या पायाचे. तुला डोकं फोडून घ्यायला सवड आहे, तर टाक." आणि गाठ अशी आवळली की तो मुकाट्याने उठून गेला. नुरा कुस्ती म्हणून बोंबलणारासुद्धा टाकून गेला. त्या दिवशी त्या गावात अक्काने जेवढी डोकी बांधली तेवढी खणखण मी ऐकली, कारण मी रांगेत शेवटचा होतो. मीही टाकले.

डबा फोडला, कॅलिपरचे उरलेले पैसे पुरे झाले आणि दोनच दिवसांनी धुळ्याला निघालो. एसटीत माझा जबडा फडक्याने बांधलेला, गवंड्याच्या उजव्या हाताची बोटं पट्टीत, त्याच्या मांडीवर पोर आणि शेजारी अक्का. कंडक्टरने आम्हाला पाहून तिकीट देताना विचारलं, "काय, लग्नाला गेले होते का?"

कारागिराने कॅलिपर काढलं. दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जड बूट. पोरीच्या पायाला लावून पाहिलं आणि तो थांबला. गुडघ्याचा सांधा गुडघ्याच्या खाली येत होता. पाय वाढला होता.

गवंडी पट्टीतली बोटं दुसऱ्या हातात धरून उभा राहिला.

कारागिराने आम्हाला एक शिवी हासडली, उशीर केल्याबद्दल. मग पट्ट्या ऐरणीवर ठेवल्या आणि घणाने रिबिटी उडवायला सुरुवात केली. घाव असे बसत होते की माझी बरगडी प्रत्येकाला दाद देत होती. त्याने पट्टी ताणली, शेवटच्या भोकात नवी रिबिट ठोकली. "याच्या पुढे भोक नाही," तो म्हणाला. "आता घाला."

बूट चढवला, पट्टे आवळले, काखेत कुबडी दिली. पोर उभी राहिली. दुसऱ्या क्षणी तोंडावर आपटली. ओठ फुटला, हनुवटीवर रक्त आलं. गवंडी झेपावला, अक्काने त्याच्या छातीवर हात आडवा मारला. "थांब."

पोरीने जमिनीला शिवी दिली. आपल्या बापाकडून बांधकामावर ऐकलेली, अस्सल. उठली. पडली. कोपर सोललं. आता तिने कुबडी उचलून कारागिराच्या नडगीवर हाणली. तो "आई गं" म्हणाला आणि त्याने कुबडी पुन्हा तिच्या काखेत दिली. ती उठली. या वेळी भिंतीला धरून एक पाऊल, मग भिंत सोडून एक. गवंड्याला राहवेना, त्याने पट्टीचा हात पुढे केला. तिने त्या हातावर फटका मारला. मोडक्या बोटांवर बसला तो, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोड! मी चालस!"

आणि ती चालली. खडाक, फरफट, खडाक. दारातून बाहेर, धुळ्याच्या त्या पांढऱ्या उन्हात, थेट गल्लीच्या मधोमध. समोरून एक सायकलवाला सुसाट आला, त्याने करकचून ब्रेक मारला, कलंडला, त्याच्या कॅरियरवरची पिशवी रस्त्यावर पडून कांदे चौफेर झाले.

"ए पोरी!" तो खेकसला. "डोळे फुटले का? नीट बघून चाल की!"

गवंडी धावत सुटला. मी म्हटलं, गेला हा सायकलवाला, आता याचेही दात जातात. गवंड्याने त्याची कॉलर धरली, त्याला उभा केला, आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, भरल्या डोळ्यांनी हसत म्हणाला,

"पुन्हा म्हण. तिला काय म्हणालास, ते पुन्हा म्हण."